डबल बेल

“रस्ता चुकलास काय, चौगुले?”

ओट्यावर एक पाय लांब सोडून बसलेला मगदूम एवढंच म्हणाला आणि पेपर परत तोंडासमोर धरला. मी गाडी बंद केली. तिच्या आवाजानं त्याच्या दारातली म्हैस दावं ताणून उभी राहिली होती, ती जरा निवळली.

“चुकलो नाही. तुझ्याकडंच आलोय.”

“असं? अडीच वर्षांनी?”

“बघ तरी कशावर आलोय!”

“बघितलं.” पेपर काही खाली आला नाही. “कुणाची पळवून आणलीस?”

“पोराची हाय. धैर्यशीलची.”

“मग पोराला परत देऊन ये जा.”

पदराला हात पुसत त्याची बायको बाहेर आली. मी हेल्मेट काढलं तेव्हा कुठं पद्मावैनींना ओळख पटली. “अगं बाई, भावजी तुम्ही!” म्हणत त्या चहा टाकायला वळल्या, तर पेपराआडून आवाज आला, “साखर संपलीय.” साखर कारखान्याचा सभासद असलेल्या माणसाच्या घरात साखर संपलीय म्हणे! वैनींनी कपाळावर हात मारला आणि आत गेल्या.

ह्याला आता नऊ वर्षं झाली, पण तो पेपर माझ्या अजून डोळ्यांसमोर आहे. मी महिपती चौगुले. एकतीस वर्षं लाल बस चालवली. त्यातली शेवटची सतरा वर्षं कोल्हापूर–गगनबावडा रस्त्यावर मी पुढं स्टिअरिंगला आणि हा आदगोंडा मगदूम मागं कंडक्टर. डेपोत आम्हाला बैलजोडी म्हणायचे. एक जण रजेवर गेला की दुसऱ्याला करमायचं नाही, आणि दोघं ड्युटीवर असलो की दिवसभर भांडण चालायचं.

त्या दिवशी मला जगात एकच गोष्ट पाहिजे होती. मगदूमनं माझ्या मागं ह्या गाडीवर बसावं. बसला तर बोलेल, आणि तो बोलला तर माझ्या घशात जे अडकलं होतं ते मला बाहेर काढता येईल. नाही बसला, तर त्या दारात परत पाऊल टाकायची माझी छाती झाली नसती.

गाडीचं असं झालं. मी रिटायर झालो आणि घरात बसलो. बसलो म्हणजे बसलोच. पहाटे चारला जाग यायची आणि पांघरुणात पाय क्लच शोधायचे. दिवसभर भिंतीकडं तोंड. माझी बायको शालन म्हणायची, “त्या भिंतीकडं बघून काय मिळतं हो? ती काय बाजूला होऊन तुम्हाला साइड देणार हाय काय?” जेवण कमी झालं, बोलणं त्याहून कमी. डॉक्टरनी झोपेची गोळी दिली. तेवढ्यात आमच्या धैर्यशीलला कंपनीनं दोन वर्षांसाठी जर्मनीला पाठवलं. जाताना म्हणाला, “पप्पा, माझी गाडी आठवड्यातनं एकदा नुसती स्टार्ट करून ठेवा. बॅटरी उतरते.”

गाडी म्हणजे क्रूझर मोटारसायकल. काळी, लांबलचक, बुटकी, रुंद हँडलची. खरं सांगतो, मोटारसायकलवाल्यांना मी जन्मभर शिव्याच दिल्या होत्या. माझ्या बंपरसमोर डावीकडनं घुसायचं, उजवीकडनं निसटायचं, आणि बसायची ती तऱ्हा! पोटावर पालथं पडून, ढुंगण वर करून. पण हिच्यावर बसलो आणि चमकलोच. पाठ ताठ, पाय पुढं, हात ऐसपैस पसरलेले. अहो, ही तर ड्रायव्हरची सीट!

तीन रविवार मी गाडी अंगणात स्टँडवरच चालवली. इंजिन चालू, मी वर बसलेला, डोळे मिटलेले. शालन फुलं तोडता तोडता विचारायची, “पोचलात काय साळवणला?” चौथ्या रविवारी तिचा पारा चढला. “एक तर उतरा, नाहीतर फाटकाच्या बाहेर तरी न्या. शेजारीपाजारी हसायला लागलेत.”

माझ्याकडं हेवी लायसन होतं, पण दुचाकीचं कुठलं? साठीला टेकलेला माणूस कॉलेजच्या पोरांच्या रांगेत उभा राहिला. आरटीओचे साहेब म्हणाले, आठचा आकडा काढा. मी काढला. पण वळायच्या आधी सवयीनं गाडी उलट्या अंगाला काढली आणि मग वळवली, मागची चाकं कडेला लागू नयेत म्हणून. साहेब हसून म्हणाले, “काका, तुमच्या पाठीमागं तीस फूट बस नाही. जेवढी आहे तेवढीच वळवा.” दुसऱ्या खेपेला पास झालो.

आणि मग एका सकाळी एकटाच बालिंग्याच्या पुलापलीकडं गेलो. काय सांगू! पहिली गोष्ट कळली ती ही, की पाठीमागं कुणी नाही. एकतीस वर्षं माझ्या पाठीला पंचावन्न माणसं होती. कुणाची बाळंतीण लेक, कुणाची अंड्यांची बुट्टी, कुणाचं झोपलेलं पोर. ब्रेकला पाय लावला की पंचावन्न माना पुढं जाणार, हे एक क्षण विसरायची सोय नव्हती. आज नुसता मी आणि रस्ता! थंडीचे दिवस, गुऱ्हाळं पेटलेली. बसच्या केबिनमध्ये जन्मभर एकच वास, डिझेलचा. इथं काहिलीतल्या उकळत्या रसाचा वास सरळ नाकात आला, मग ओल्या पाल्याचा, मग नदीचा गारवा शर्टाच्या बाहीतनं आत शिरून पाठीपर्यंत पोचला. वळण आलं, गाडी कलली आणि तिच्याबरोबर मीही कललो. बस कधी कलत नाही. कलली तर पेपरात येते.

मी ओरडलो. काय ओरडलो देव जाणे, पण उसाच्या फडातल्या बाया कोयते थांबवून बघायला लागल्या. एकीनं हात केला. मीही हात केला, स्टिअरिंग सोडून! म्हणजे हँडल. एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

घरी येऊन चार भाकऱ्या खाल्ल्या. शालननं माझ्या कपाळाला हात लावून बघितला. त्या रात्री गोळी डबीतच राहिली आणि नंतर ती डबी कुठं गेली कुणाला ठाऊक. रोज सकाळी तास-दीड तास मी रस्त्यावर. छातीवरचा दगड कुणी उचलून ठेवावा तसा हलका होऊन परत यायचो. शेजारच्यांशी बोलायला लागलो, शालनशी भांडायला लागलो. ती म्हणाली, “आलात बाई एकदाचे माणसात.”

फक्त एक खोट होती. कुठंही थांबून परत निघायचं झालं की हात क्लचवर अडायचा. कान मागं जायचे. एक घंटा म्हणजे थांब, दोन म्हणजे सोड. आमच्या धंद्याचा हा कायदा हाडात मुरलेला. आणि मागनं टिंग टिंग काही यायची नाही. मी चौकात थांबून राहायचो, पाठीमागचे हॉर्न मारायचे, “काका, झोप लागली काय?” आणि आनंदाचंही कसं असतं, कुणाला तरी सांगितल्याशिवाय तो जिरत नाही. शालनला सांगितला, तर ती म्हणाली, “लई चांगलं झालं, आता जाताना दळण न्या.” रस्त्याचा आनंद ज्याला सांगावा असा माझा माणूस एकच, आणि त्याच्याकडं जायला मला तोंड नव्हतं. का नव्हतं, ते येतंच आहे पुढं. दोन महिने मी त्याच्या गावच्या फाट्यापर्यंत जाऊन परत फिरत होतो. त्या रविवारी फिरलो नाही.

चहा आला. साखर होती, चांगली दोन चमचे होती.

“चल,” मी म्हणालो. “गगनबावड्यापर्यंत जाऊन येऊ.”

“माझा गुडघा एवढाच वाकतो.” मगदूमनं हातानं दाखवलं. “बसची पायरी चढता येत नाही मला. जावयाच्या मोटारसायकलवर टांग टाकायला गेलो तर दारात आडवा झालो. चार माणसांनी उचलला. परत तमाशा नको.”

“ही बुटकी हाय, मर्दा. सीट तुझ्या ओट्याहून खाली. मी ओट्याला लावतो, तू नुसता सरक.”

“ओट्याला लावतो? तुला लावता येते?”

“एकतीस वर्षं काय केलं मी?”

“पुढं बघून चालवलीस. मागं मी होतो.”

मी गाडीवर बसलो आणि पायांनी मागं ढकलायला लागलो. दोनशे किलोचं धूड, अंगण उताराचं. पहिल्यांदा गेलो ते म्हशीच्या गव्हाणीत. म्हशीनं माझं हेल्मेट हुंगलं. पुढं घेऊन परत मागं आणली, तर पद्मावैनी ओरडल्या, “भावजी, मिरच्या! मिरच्या!” वाळत घातलेल्या मिरच्यांच्या काठावर मागचं चाक उभं. तिसऱ्यांदा पाण्याच्या टाकीकडं निघालो.

पेपर चुरगळल्याचा आवाज आला.

“अरे उजवी मार, उजवी! डोळे हाईत का बटणं?”

मी उजवी मारली.

“आता सरळ. येऊ दे. येऊ दे. येऊ दे. जरा डावी… आणि घे… येऊ दे, हातभर हाय अजून, येऊ दे…” आणि ओट्याच्या भिंतीवर फाडकन तळहात आपटला. “बस्स!”

सीट ओट्याला चिकटून उभी. दोन बोटांचं अंतर. मी मागं वळून बघितलं. मगदूमचा हात अजून भिंतीवर होता आणि आपण काय करून बसलो हे त्याला तेव्हाच कळलं असावं. वैनी पदर तोंडाला लावून हसत होत्या. “लागली की गाडी फलाटाला. बसा आता.”

“मला काय, बघायचं होतं लागते का,” मगदूम पुटपुटला. मग थोड्या वेळानं, “टोपी आण माझी.”

“हेल्मेट आणलंय दुसरं,” मी म्हणालो.

तो ओट्याच्या कडेवर सरकला, वाकणारा पाय पलीकडं टाकला, न वाकणारा अलीकडं हळूच सोडला. पाय ठेवायचा पायटा खाली आणि पुढं होता, एवढाच वाकणारा गुडघा त्याला बरोबर पुरला. पाठीमागं टेकायला लोखंडी टेका. मगदूमनं टेकून बघितलं. परत एकदा टेकून बघितलं.

मी इंजिन चालू केलं. थांबलो.

“सोड की,” मगदूम म्हणाला.

“डबल दे.”

“हिला कुठली घंटा?”

“हेल्मेटवर दे माझ्या. दोन टिचक्या.”

नुसतं इंजिन धडधडत होतं. मग तो वेगळ्याच आवाजात म्हणाला, “मी आता कुणाला डबल देत नाही, चौगुले. सोडायची तर सोड, नाहीतर उतरतो मी.”

वैनींचं हसू विझलं. मी गाडी सोडली. निदान तो बसला होता.

पहिले चार-पाच किलोमीटर पाठीमागं धोंडा बसल्यासारखा गप्प. मी आरशात बघत होतो. हेल्मेटात नुसत्या मिशा दिसत होत्या. कळे गाव मागं पडलं, दोन्ही बाजूंनी ऊस उभा, रस्ता मोकळा, आणि मी जरा मूठ पिळली. गाडीचा आवाज बदलला. मोठा झाला, खोल झाला, पायाखालनं पोटापर्यंत आला.

मिशा हलल्या.

“किती हाय?” पाठीमागनं हाक आली.

“साठ!”

“बसमध्ये साठला सगळं खिळखिळ करायचं. ही तर पाळण्यागत चाललीय की रे!”

“टेक मागं!”

“टेकलोय!”

पुढं एक लाल बस चालली होती, काळा धूर सोडत, डाव्या अंगाला थोडी झुकलेली. आमचीच म्हणायची. तिच्या मागं लागलो तसा मगदूम माझ्या खांद्यावर बुक्क्या मारायला लागला. “थांब. थांब… उसाची ट्रॉली हाय समोरनं. गेली. काढ! काढ, मोकळा हाय, काढ मर्दा!” मी काढली. बसच्या दारापाशी कंडक्टर उभा होता, नवा पोरगा, हातात तिकिटाचं मशिन. मगदूमनं त्याला पंतप्रधानासारखा हात केला. आयुष्यभर आम्हाला जीप, ट्रक, टेम्पो, झालंच तर लग्नाच्या वऱ्हाडाच्या ट्रॅक्टरनंसुद्धा मागं टाकलं होतं. आज आम्ही बसला मागं टाकलं! मगदूम हसला. मी सतरा वर्षं त्याचं हसणं ऐकलेलं, खाकरल्यासारखं, आवरून धरलेलं. हे तसलं नव्हतं. हे पोट धरून, गडगडाटी.

आणि मग सुरू झाला. “मांडुकली! मांडुकलीवाले पुढं या! पोतं कुणाचं, ते वाटेत ठेवू नका!” रस्त्याकडेला उभ्या म्हातारीनं पिशवी उचलून हात दाखवला आणि आम्ही झर्रकन पुढं निघून गेलो. “मागनं मोकळी येतीय, आजी!” मगदूम तिला ओरडून सांगत होता. मोकळी कधीच येत नाही, पण सांगायची पद्धत. “साळवण! साळवण! सुट्टे काढून ठेवा!” मीही गळा काढला, तो एका गावाचं नाव घ्यायचा, मी दुसऱ्याचं. दोन साठीचे घोडे भर सकाळी रस्त्यानं केकाटत चाललेले. साळवणच्या पुढं झाडी दाट झाली, हवा एकदम गार झाली. मगदूमनं दोन्ही हात सोडून बाजूला पसरले. आरशात बघितलं आणि माझा जीव भांड्यात पडायच्याऐवजी पार उडाला.

“अरे धर! पडशील!”

“गप चालव तू!”

गगनबावड्याच्या पुढं, घाट उतरायला लागतो तिथं कठड्याजवळ चहाची टपरी होती. टपरीच्या बाकड्याला मी गाडी लावली. मगदूम सरकून बाकड्यावर बसला, हेल्मेट काढून मांडीवर घेतलं. डोळ्यांतनं वाऱ्यानं पाणी आलेलं, केस उभे राहिलेले, तोंड लालबुंद. खाली दरी, दरीत धुकं, आणि लांबवर कोकणाच्या अंगाला ऊन पडलेलं.

“महिपती,” तो म्हणाला. त्या दिवशी पहिल्यांदा त्यानं माझं नाव घेतलं. “आयुष्य ह्या रस्त्यावर गेलं. पण रस्ता आज बघितला रे मी. माझी मान सदा तिकिटात.”

आता बोललो नाही तर कधीच बोलणार नव्हतो.

“मगदूम, त्या दिवशी घंटा झाली नव्हती.”

त्यानं चहाचा ग्लास ओठांपासून खाली घेतला.

आता सांगतो. माझ्या रिटायरमेंटला सात महिने राहिले होते. दुपारची फेरी, गाडी चाळीस मिनिटं लेट, आणि मगदूम प्रत्येक म्हातारीचं गाठोडं स्वतः उतरवून देणार. त्याची खोडच ती. त्यावरनं आमची तोंडातोंडी झाली. पुढच्याच स्टॉपला तो पुन्हा खाली उतरला, कुणाचं तरी भाताचं पोतं घेऊन. मी चिडलेला. आरशात बघितलं नाही, घंटेची वाट बघितली नाही, फाडकन गाडी सोडली. मगदूमचा एक पाय पायरीवर होता. तो पडला तो रस्त्याकडेच्या दगडावर, गुडघ्यावर. वाटी फुटली.

चौकशीत मगदूमनं लिहून दिलं, ‘डबल बेल मीच दिली, पायरीवरनं हात घालून दोरी ओढली आणि चढताना माझा पाय घसरला.’ म्हणजे कंडक्टरनं स्वतः खाली असताना गाडी सोडायला सांगितली. असली चूक नवखं पोरगंसुद्धा करत नाही. मेमो त्याला मिळाला, त्याच्या सत्तावीस वर्षांच्या नोकरीवर डाग पडला. मी मान खाली घालून गप्प बसलो. दवाखान्यात एकदा सगळ्यांबरोबर जाऊन आलो, त्यानंतर त्याच्यासमोर गेलो नाही. आणि सात महिन्यांनी मला बिल्ला मिळाला, एकतीस वर्षं विनाअपघात सेवेचा.

“घंटा झाली नव्हती हे तू मला सांगतोयस?” मगदूम म्हणाला. “घंटा देणारा मीच होतो की.”

“मग लिहून कशाला दिलंस तसं?”

“तुझे सात महिने राहिले होते. माझा पाय तर गेलाच होता. दोघांचं वाटोळं कशाला?”

“मी उद्या डेपोत जातो. सगळं खरं लिहून देतो. बिल्ला परत करतो.”

“कुणाला देणार? त्या वेळचा एक साहेब उरलाय काय तिथं?” त्यानं ग्लास बाकड्यावर ठेवला. “पायाचं नाही रे, महिपती. पाय काय, एरवी घसरूनसुद्धा मोडला असता. तुझ्या सत्काराला मी आलो होतो. काठी टेकत, दोन जिने चढून, मागच्या रांगेत. तू माइकवर काय बोललास आठवतंय?”

आठवत होतं. म्हणून तर फाट्यावरनं परत फिरत होतो.

“‘मगदूमच्या डबल बेलशिवाय मी जन्मात कधी गाडी हलवली नाही.’” त्यानं शब्दन् शब्द म्हणून दाखवला. “टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. आणि जिना उतरताना ठरवलं, आता ह्या हातानं कुणाला डबल द्यायची नाही.”

मला रडू फुटलं. टपरीवाला बघत होता, दोन गिऱ्हाइकं बघत होती, बघू देत म्हटलं. “चुकलो, मगदूम,” मी म्हणालो. दोनच शब्द. अडीच वर्षं ते दोन शब्द घेऊन मी भिंतीकडं बघत बसलो होतो.

मगदूमनं दरीकडं तोंड फिरवलं. धुकं कठड्यापर्यंत वर आलं आणि परत खाली गेलं.

“चहा पी,” तो म्हणाला. “गार झाला.”

मी प्यालो. पाण्यागत गार झाला होता, तरी प्यालो. मग उठून गाडी वळवून परत बाकड्याला लावायला घेतली. मागनं “येऊ दे, येऊ दे” झालं, पण सकाळपेक्षा हळू. “बस्स” झालं. तो सरकून बसला. मी इंजिन चालू केलं, दोन्ही पाय जमिनीला टेकवले आणि तसाच बसून राहिलो. ह्या वेळी मी काही मागितलं नाही.

एक मिनिट गेलं. दोन गेली. सकाळी मागं टाकलेली ती लाल बस घरघरत आली, आमच्या बाजूनं पुढं गेली, घाटाच्या पहिल्या वळणावर दिसेनाशी झाली. मी थांबलेलाच.

“किती वेळ बसणार असा?” मगदूमनं विचारलं.

“बसतो की. मला कुठं लेट व्हायचंय?”

पाठीमागं जरा हालचाल झाली. दुखरा पाय उचलून त्यानं पायट्यावर नीट ठेवला असावा, कारण सुस्कारा ऐकू आला. मग माझ्या हेल्मेटवर टक झालं. एकच. एक म्हणजे थांब.

आणि मग, सतरा वर्षं माझ्यासाठी घंटेची दोरी ओढलेल्या त्या बोटांनी, जोरात, दोनदा. टक टक!

माझा हात क्लचवर गेला, गिअर पडला. पण गाडी मी सोडली नाही. आधी मान वळवली, कमरेपासून पूर्ण वळलो आणि मागं बघितलं. त्याचे दोन्ही पाय बघितले, हात बघितले, तोंड बघितलं.

मगदूमचे डोळे भरले होते. वारा नव्हता तरी भरले होते.

“बघतोस काय असा?” तो म्हणाला. “चढलोय मी. सोड आता.”